बाईचं ताट साहेबानं खाल्लं

...न् वरून लोकं मलाच बोलून राह्यले, की तू शेजारी, तू का न्हाई अडवलं त्याला! आता कसं अडवायचं, तुम्हीच सांगा! पहाटंची वेळ, धुई अशी पडलेली की हात लांब केला तर स्वतःचा पंजा दिसंना, न् मी घरात गोधडी डोक्यावरून घेऊन पडलेलो... मला काय सपान पडणार होतं, की तिकडं बांधावर एक साडेसहा फुटी गोरा माणूस संक्रांतीबाईचं ताट मांडीवर घेऊन जेवायला बसलाय म्हणून?

व्हय, गोरा! अर्जुनसाहेब! खरं नाव यॉर्गन, पण आमच्या वाटूरच्या तोंडात ते बसंना, म्हणून अर्जुन. नॉर्वे देशाचा. नकाशात पार वरच्या कडेला, जिथं कागद संपतो ना, तिथला. जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत ज्वारीवरच्या रोगांचा अभ्यास करतो, तीन वर्षं झाली. आमच्या शेजारचा परमेश्वर त्याच्या गाडीवर ड्रायव्हर. आता गंमत बघा, हा साहेब सगळीकडं सांगत फिरणार, "देव, भूत, आपला बिलकुल विश्वास न्हाई," न् रोज सकाळी आठला फोन लावून ओरडणार, "परमेश्वर! कुठं आहेस तू? मी कधीचा वाट बघून राह्यलो!"

मराठी परमेश्वराकडूनच शिकला, त्यामुळं बोलतो आपल्यासारखंच, फक्त मधीच स्वतःला बाई करतो. "मी आली", "मी जेवली." लोकं हसतात, तो बी हसतो. माणूस वाईट न्हाई हो! वाईट न्हाई, पण त्याला एक खोड. कुठलीबी गोष्ट दिसली की खिशातून वही काढणार, मोजणार, लिहिणार न् मंग हसणार.

तर परमेश्वरानं त्याला भोगीला घरी बोलावलं. राहायलाच. आला. आल्या आल्या चुलीपुढं मांडी घालून बसला. परमेश्वराची माय, वच्छलाबाई, पंच्याहत्तरीची म्हातारी, खेंगट करत होती. भोगीची भाजी हो, सगळं एकात घातलेली! ह्यानं वही काढली. वांगं, गाजर, हरभरा, वाटाणा, घेवडा, शेंगदाणे, पावटा... "चौदा!" म्हणला. "चौदा प्रकार! न् हे? हे बोर आहे. हे फळ आहे. फळ भाजीत कशाला?"

म्हातारी म्हणली, "त्याला बी थंडी वाजते, बाबा."

ते बी लिहून घेतलं त्यानं!

मंग विचारलं, हा सण कशाचा. परमेश्वराची बायको रेणू, बी.ए. झालेली, तिनं सांगितलं की सूर्य उत्तरेकडं वळतो त्याचा. बस! साहेब जो हसायला लागला... पोट धरून, डोळ्यांत पाणी! म्हणला, "सूर्य एकवीस डिसेंबरला वळला! तुम्ही चौदा जानेवारीला सण करता! चोवीस दिवस लेट!"

तुम्हाला सांगतो, ते एक वाक्य घेऊन तो गावभर फिरला. फाट्यावरच्या हॉटेलात गेला, "चोवीस दिवस लेट!" कटिंग करून घेतली, न्हाव्याला म्हणला, "चोवीस दिवस लेट!" रेणू म्हणली, "साहेब, आमच्याकडं एसटी बी येळेवर येत न्हाई, सूर्याचं काय घेऊन बसले!" तरी ह्याचं हसू थांबंना. मंग मारुतीच्या पारावर बसून सगळ्यांना विचारतो, "सूर्य तर आधीच वळून गेला. मंग तुम्ही उद्या वाट कुणाची बघता?"

हसत विचारलं हो त्यानं. पण पारावर कुणीच हसलं न्हाई. कारण... वाट आपण कुणाची बघतो, हे माहीत हाये ना सगळ्यांना!

कारभारी म्हातारा पंचांग घेऊन बसलेला. त्यानं चष्मा पुसला न् वाचायला लागला, असा नाकातून, "संक्रांतीचं वाहन मेंढा... वस्त्र पिवळं नेसली हाये... वयानं वृद्ध हाये... पायस भक्षण करती हाये... पायस म्हंजी खीर, तांदळाची... दक्षिणेकडून येती हाये न् उत्तरेला जाती हाये... न् नजर..." इथं थांबला.

"नजर कुणीकडं?" अर्जुनसाहेबानं विचारलं.

"उत्तरेला."

आता तुम्हाला माहीत हाये, ती बघते तिकडचं भलं न्हाई. सगळा पार ह्याच्याकडं बघायला लागला. उत्तरेचा एकच माणूस ना गावात! न् हा काय म्हणला? "उत्तरेला? अरे वा! तिकडं माझी आई राहते, तिला सांगा भेटून ये म्हणून!" न् हसला. एकटाच. कारभाऱ्यानं पंचांग मिटलं, चप्पल घातली न् घरी निघून गेला.

संध्याकाळी चुलीपाशी वच्छलाबाईनं त्याला जवळ बसवलं. म्हणली, "बाबा, तुझ्या गावाला कसं असतं थंडीत?"

तर त्यानं सांगितलं. म्हणला, आमच्याकडं नोव्हेंबर सरत आला की सूर्य जातो. जातो म्हंजी जातोच. दुपारी बारालाबी निळा अंधार. दीड महिन्याच्या वर असंच. रेणू म्हणली, "अगं बाई! मंग कपडे कसे वाळतात?" तो म्हणला, म्हातारी आई एकटीच असते तिथं. बाप वारल्याला सात वर्षं झाली. मेंढरं होती, ती विकून वीस वर्षं झाली. गोठा रिकामाच. तरी आई दर थंडीत, सूर्य परत यायच्या आदल्या रातीला, तांदळाची खीर करते, वरून लोण्याचा गोळा, न् वाडगं नेऊन त्या रिकाम्या गोठ्यात ठेवते. कुणासाठी? तर म्हणे गोठ्यात एक म्हातारा राहतो. दिसत न्हाई. त्याला न्हाई वाढलं तर रुसतो. साहेब म्हणला, "येडेपणा! कुणी खात न्हाई. सकाळी वाडग्यात दगड झालेला असतो खिरीचा."

वच्छलाबाईनं मान हलवली, जशी काय ओळखीच्या घरची खबर ऐकून राह्यली. म्हणली, "न् सूर्य कोणत्या तारखेला येतो तुमच्याकडं?"

ह्यानं बोटं मोजली. थांबला. परत मोजली. "चौदा..." म्हणला, "चौदा-पंधरा जानेवारी."

रेणू फिस्सकन हसली. "मंग तुमचा बी चोवीस दिवस लेटच की, साहेब!"

तोही हसला. पण जरा कमी.

आता त्या घरची एक रीत हाये. हे लोक पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, तेव्हापासूनची. संक्रांतीच्या पहाटं, चहासुद्धा व्हायच्या आधी, पयलं ताट तिचं. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, खेंगट, तिळगुळाचे दोन लाडू. म्हातारी स्वतः नेऊन बांधावर बोरीखाली ठेवते न् माघारी फिरते. वळून बघायचं न्हाई, कुणाला नावानं हाक मारायची न्हाई. दिवस चांगला वर आला की ताट आणायचं. कधी कुत्रं खातं, कधी कावळे. कधी... जाऊ द्या.

साहेबानं विनंती केली, "मी येऊ का बघायला?" म्हातारी म्हणली, "ये, पर माझ्या मागंच माघारी फिर." तो हो म्हणला. गेला. अंधार नुकता फिटत होता. दोन्ही बाजूला ज्वारी, पुरुषाच्या वर गेलेली, कणसं भरलेली, न् धुई अशी की कणसं नुसती लोंबकळल्यासारखी दिसावीत, खाली धाटच न्हाई! म्हातारीनं ताट ठेवलं, हात जोडले, फिरली. हा दहा पावलं तिच्या मागं आला... न् थांबला.

काहून थांबला? भुकेनं! तुम्हाला सांगतो, भुकेनं! रातभर खेंगटाचा वास डोक्यात, पोटात चहाचा थेंब न्हाई, न् ते ताट... त्या भाकरीची वाफ त्याला धुईत वेगळी दिसत होती. त्यानं मनाशी म्हणलं, सूर्य चोवीस दिवसांपूर्वीच वळलाय, बाई यायची असती तर तेव्हाच येऊन गेली असती, हे कुत्र्यालाच जाणार हाये, त्यापेक्षा माणसानं खाल्लं तर काय बिघडलं? शास्त्रज्ञ ना! बसला मांडी घालून बोरीखाली, न् खाल्लं. सगळं. लोणी बोटानं पुसून खाल्लं. लाडू बी खाल्ले, दोन्ही!

न् मंग घंटी वाजली.

मेंढराच्या गळ्यात असते तशी, बारकी. टिण... टिण... वाऱ्याचं नाव न्हाई, न् ज्वारी मात्र एका सरळ रेघेत हलून राह्यली, दक्षिणेकडून त्याच्याकडं. तो उठंना. त्याला वाटलं कुणाचं तरी मेंढरू सुटलंय. ज्वारीतनं बाहेर आली एक म्हातारी. हळदीसारखं पिवळं लुगडं, डोक्यावरून पदर, हात रिकामे. मेंढरू काही दिसलं न्हाई. तिनं आधी ताटाकडं बघितलं. मंग ह्याच्याकडं.

"जेवला का रं?" म्हणली.

"हो, आई."

"पोट भरलं?"

"हो. भाकरी चांगली होती."

ह्याला वाटलं, गावातलीच कुणी म्हातारी, सणासुदीची शेताला आलीय. तिनं विचारलं, "कुणीकडला तू?" ह्यानं हात केला उत्तरेला. "कोण हाये तिकडं?" हा म्हणला, "आई. एकटीच असते."

"ती काय रांधते?"

हा म्हणला, "आज? आज तांदळाची खीर."

तिनं पदर सारखा केला. मंग म्हणली, "मंग तिकडंच जेवते." न् चालायला लागली. उत्तरेकडच्या ज्वारीत शिरली.

हा तिच्याकडं बघत राहिला न् मंग त्याला एक गोष्ट दिसली. बघा हं... ज्वारीच्या पानापानावर दंव टांगलेलं. हा स्वतः आल्ता तर कमरेपासून खाली ओलाचिंब झाल्ता. ती त्यातूनच गेली, पानं दोन्ही बाजूला सरकली, परत मिटली, न् एक थेंब पडला न्हाई. एक न्हाई! सगळं दंव जागच्या जागी. घंटी लांब गेली... अजून लांब... मंग न्हाईच.

तो घरी आला तो रिकामं ताट हातात घेऊन. दारात वच्छलाबाई. तिनं त्याच्या दाढीकडं बघितलं. दाढीत तीळ!

रेणूच्या हातातलं तिळगुळाचं तबक खाली गेलं. परमेश्वर म्हणला, "साहेब, काय केलं हे तुम्ही..." न् साहेबानं सगळं सांगून टाकलं, खोटं बोलता येत न्हाई बिचाऱ्याला. म्हातारी ऐकत होती. ऐकून एवढंच म्हणली, "तिचं ताट खाल्लं... न् तिनं विचारल्यावर आईचा पत्ता बी सांगितला?"

"पत्ता न्हाई सांगितला! फक्त उत्तरेला..."

"तिची नजर हायेच तिकडं. तिला पत्ता कशाला लागतो?"

परमेश्वर हळूच म्हणला, "साहेब, ती बाई मराठी बोलली का हिंदी?" साहेबानं तोंड उघडलं, "मराठी..." न् तसंच उघडं राहिलं. कारण त्याला आठवलं, की तो स्वतः जे बोलला, "भाकरी चांगली होती", ते मराठीत बोललाच नव्हता. आईशी बोलतो त्या बोलीत बोलला होता. त्याच्या गावची बोली, दोनशे घरांत बोलतात ती. न् तिनंबी त्याच बोलीत विचारलं होतं. 'जेवला का'... बराबर त्याची आई दारातून विचारते तसं.

मंग झाला सुरू फोन! तिकडं तेव्हा राती पावणेतीन. उचलला न्हाई. ठीक हाये, झोपली असंल, कानातलं यंत्र काढून झोपते. साडेदहाला परत लावला, तिकडं सहा वाजलेले, तिच्या उठायचा टाइम. न्हाई उचलला. अकरा. न्हाई. बारा. न्हाई! तिच्या शेजाऱ्याला लावला, तर तो थंडीला कंटाळून स्पेनला जाऊन बसलेला. असले शेजारी! मी निदान गोधडीत का होईना, गावात तरी होतो!

सणाचा दिवस, घरात पोळ्या झालेल्या, कुणी घास घेईना. गावातल्या बाया वाण घेऊन यायच्या न् दारातूनच कुजबुजायच्या, "ह्योच का तो... संक्रांत आईकडं पाठवली म्हणे..." न् तो सहा फूट सहा इंचाचा माणूस ओसरीवर उकिडवा बसलेला, फोन दोन्ही हातांत धरून, जसं काय पाखरू धरलंय. मी गेलो भेटायला. काही तरी बोलावं म्हणून म्हणालो, "साहेब, तुम्हीच म्हणलं ना, सूर्य वळून गेलाय, सगळं चोवीस दिवस लेट, कशाची बाई न् कशाची नजर..."

त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणला, "दोन वर्षं झाली, मी घरी गेली न्हाई."

गेली, म्हणला. त्या दिवशी कुणी हसलं न्हाई.

सतरा फोन केले त्यानं. पावणेपाचला, ऊन तिरपं झालेलं, फोन वाजला. आईचा! ह्यानं स्पीकरवर टाकला. ती काय बोलली आपल्याला काय कळणार, पण आवाज ठणठणीत, न् रागावलेला. साहेब आम्हाला सांगायला लागला, "ती म्हणते, सतरा फोन काहून केले, मी बाहेर होते... म्हणते, पहाटं गोठ्यात घंटी वाजली... मेंढराची... ती म्हणते, मेंढरं तर न्हाईत, म्हणून मी बघायला..." न् सांगता सांगता गप झाला. नुसता ऐकत राहिला.  मंग जमिनीवरच बसला, पाय पसरून.

परमेश्वर म्हणला, "काय झालं साहेब? आई बऱ्या हायेत ना?"

 वच्छलाबाईनं फोन काढून घेतला त्याच्या हातातनं न् मराठीत सुरू! "काय बाई, जेवल्या का? तब्येत कशी हाये? पोराची काळजी करू नका, पोटभर खातो!" तिकडून ती तिच्या भाषेत बोलून राह्यली, इकडून ही आपल्या. पाच मिनिटं चाललं, शपथ सांगतो! न् फोन ठेवून म्हातारी म्हणली, "बऱ्या हायेत. ती येऊन गेली. जेवली."

"माय, तुला काय कळलं?" परमेश्वर.

"न कळायला काय झालं!"

मंग साहेबानं सांगितलं. हळूहळू. गोठ्याचं दार बंद होतं, बाहेरून कडी. बाहेर बर्फावर आईच्या पावलांशिवाय एक पाऊल न्हाई. न् खिरीचं वाडगं, ज्यात आजपावेतो कधी कुणी तोंड घातलं न्हाई, ते चाटूनपुसून साफ. तळाशी नुसते बारके दाणे. आईनं विचारलं, "तू बियाण्याचं काम करतोस ना, हे कसलं बी? पांढरं, चपटं, थेंबासारखं?"

"तीळ! मंग तुम्ही काय म्हणलं?" रेणू.

"मी म्हणलं, खाऊ नको. ती म्हणली, खाल्लं केव्हाच. भाजलेलं होतं. चांगलं लागलं."

न् ते रिकामं वाडगं मांडीवर घेऊन आई सकाळभर गोठ्यातच बसली, बाहेर आली तेव्हा तिकडं दुपार होत आलेली न् डोंगराच्या खाचेतून सूर्य निघत होता. वर्षातला पयला. नवरा गेल्यापासून तो बघायला ती बाहेरच पडत नव्हती, सात वर्षं. आज घंटीमुळं पडली. अर्धा तास अंगणात उभी होती, ऊन तोंडावर घेऊन. म्हणून फोन उचलला न्हाई.

 मंग वच्छलाबाई म्हणली, "चला, पोळ्या वाढा." न् साहेब जेवला हो! रडत जेवला, पण सहा पोळ्या जेवला.

इथवर सगळं चांगलं. मार्चात घरी जाऊन आईला भेटूनबी आला. पण आमची म्हातारी सोडते का! तिनं निकाल दिला, "ज्यानं ताट खाल्लं, त्यानं पुढल्या संक्रांतीचं ताट करायचं. स्वतःच्या हातानं." आता बाजरीची भाकरी म्हंजी काय खेळ हाये का? मायबहिणींचा जन्म जातो! पण आला बिचारा, दर रविवारी, जालन्याहून वाटूर, चुलीपुढं. ह्याचे हात फावड्याएवढे, भाकरी परातीतच फुटते, तव्यावर टाकली की तिचे तीन देश होतात, खाली कोळसा न् वर कच्ची. म्हातारी कपाळाला हात लावते, तो वहीत लिहितो, "आज पाणी जास्त." पयली भाकरी कुत्र्याला टाकली, कुत्रं वास घेऊन निघून गेलं. कोंबड्यांनी बघितलीबी न्हाई. शेवटी रेणूनं नेऊन बांधावर बोरीखाली टाकली, किडामुंगी तरी खाईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी बघते तर, साफ. तुकडा न्हाई. पुढल्या रविवारची, ती बी साफ. परवाची तर निव्वळ कोळसा होता, काळा कुळकुळीत... तो बी न्हाई! बोरीखालची माती अशी, जशी काय कुणी बोटानं पुसून खाल्लीय.

वच्छलाबाई बोरीखाली उभी राहून बराच वेळ बघत होती. मला वाटलं भ्यायली. जवळ जाऊन बघतो तर डोळ्यांत पाणी, न् राग असा की विचारू नका! म्हणली, "साठ वर्षं मी पहाटं उठून हिला लोण्यासंगट वाढलं, तर वर्षातून एकदा यायची न् निम्मं ताट टाकून जायची... न् ह्याच्या कोळशाला दर रविवारी!"